अभ्यासिकेतले विंडोज ७ चे संगणक, ब्राउझरची सुरक्षितता आणि लिनक्सचा पर्याय

कृष्णाकाठी

नमस्कार मंडळी,

गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या अभ्यासिकेचं काम मी बघते. देणगीतून आलेले सहा संगणक आहेत. इंटेलच्या तिसऱ्या पिढीचे आय-३, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क आणि विंडोज ७. स्पर्धा परीक्षांचे अर्ज, महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, अकरावीचे ऑनलाइन प्रवेश, एखाद्याचा सातबारा, कुणाच्या आईच्या खात्यात पैसे जमा झाले का ते बघणं, सगळं याच यंत्रांवर चालतं. ज्यांच्या घरी संगणक नाही तेच इथे येतात, आणि आधार क्रमांक, ओटीपी, बँकेचा पासवर्ड आमच्या भरवशावर टाइप करतात. तो भरवसा आपण पाळतोय का, एवढाच माझा प्रश्न आहे.

विंडोज ७ चे मोफत सुरक्षा पॅच (भोकं बुजवणाऱ्या दुरुस्त्या) १४ जानेवारी २०२० ला थांबले. पैसे भरून मिळणारी मुदतवाढ होती, तीही जानेवारी २०२३ मध्ये संपली. पुढच्याच महिन्यात आलेल्या क्रोम ११० नं विंडोज ७ सोडलं, त्यामुळे आमच्याकडचं क्रोम १०९ वर अडकलंय. ब्राउझर उघडला की वर सूचनेची पट्टी येते. मुलं फुलीवर क्लिक करून ती घालवतात आणि कामाला लागतात.

समितीच्या बैठकीत विषय काढला. दुरुस्तीला येणाऱ्या गृहस्थांचं मत पडलं, "चांगला अँटिव्हायरस टाका, अजून चार-पाच वर्षं निघतील." नव्या यंत्रांसाठी पैसे नाहीत हे खरंच आहे. मला लिनक्सवर (विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत सिस्टिम) जावं असं वाटतं, पण मराठी टायपिंग, प्रिंटर आणि जुन्या फाइलींचं काय होईल याची धास्ती आहे. शिवाय अँटिव्हायरस पुरेसा का नाही, हे समितीला पटेल असं कुणीतरी नीट सांगायला हवं. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती. प्रतिसादांचे प्रिंट काढून बैठकीत वाचून दाखवणार आहे.

निशिगंध

ताई, विषय महत्त्वाचा आहे. एक बाळबोध प्रश्न. याच यंत्रांवर विंडोज १० किंवा ११ का टाकत नाही? मुलांना सवय तीच आहे, नोकरीतही तेच लागणार.

सह्यभ्रमर

@निशिगंध, विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी जी वर्षभराची वाढीव मुदत दिली आहे ती ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. म्हणजे आज खटाटोप करून टाकलं तरी थोड्याच दिवसांत पुन्हा हाच धागा काढावा लागेल. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तिसऱ्या पिढीवर जुगाड करून ते चढवतात, पण अशा यंत्रांना अपडेट मिळण्याचा हक्क नाही हे मायक्रोसॉफ्टनं स्पष्ट लिहून ठेवलंय. सार्वजनिक जागेत असा जुगाड चालवू नये असं माझं ठाम मत आहे.

आता ताईंच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. प्रिंट काढणार आहात म्हणून पहिल्यापासून लिहितो.

संगणकावरचे बाकीचे प्रोग्रॅम आपण स्वतः निवडून टाकलेले असतात. ब्राउझरचं तसं नाही. तो दिवसभर अनोळखी माणसांनी लिहिलेला कोड आणतो आणि आपल्या यंत्रावर चालवतो. एका बातमीच्या पानावर बातमी देणाऱ्याचा कोड असतो, जाहिरातवाल्यांचा असतो, जाहिरातवाल्यांनी पुढे ज्यांना जागा विकली त्यांचाही असतो. म्हणून क्रोम आणि फायरफॉक्स दोघंही पानातला कोड एका बंदिस्त प्रक्रियेत चालवतात. तिला सँडबॉक्स म्हणतात. आत काही फुटलं तरी त्याचा हात तुमच्या फाइलींपर्यंत पोचू नये, ही त्यामागची कल्पना.

समितीला सांगायचा खरा मुद्दा पुढे आहे. या सँडबॉक्सच्या भिंती ब्राउझर स्वतःच्या बळावर उभ्या करत नाही. त्या तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडून, म्हणजे कर्नलकडून मागून घेतो. कर्नलमध्ये भोक असेल तर ब्राउझर कितीही नवा असो, भिंत पडू शकते.

हे प्रत्यक्षात घडलेलं आहे. मार्च २०१९ मध्ये गूगलनं जाहीर केलं की दोन भोकं एकापाठोपाठ वापरून हल्ले सुरू आहेत. पहिलं होतं क्रोमच्या फाइलरीडर नावाच्या भागात, सापडलेल्या भोकांच्या जाहीर यादीतला क्रमांक सीव्हीई-२०१९-५७८६. पानाला एखादी फाइल वाचायची असते तेव्हा हा भाग कामाला येतो. मोकळी करून टाकलेली मेमरी तिथे पुन्हा वापरली जात होती, आणि तेवढ्यावर हल्लेखोराला सँडबॉक्सच्या आत स्वतःचा कोड चालवता यायचा. पण तो आतच अडकलेला असायचा. बाहेर पडायला त्याला दुसरं भोक लागायचं, आणि ते होतं विंडोजच्या कर्नलमधल्या विन३२के या भागात, सीव्हीई-२०१९-०८०८. त्यातून अख्ख्या यंत्राचा ताबा. क्रोमनं १ मार्चला पॅच दिला, मायक्रोसॉफ्टनं १२ मार्चला. गूगलनं त्या वेळी असंही लिहिलं की नव्या विंडोजमध्ये घातलेल्या संरक्षणांमुळे हे दुसरं भोक बहुधा विंडोज ७ वरच वापरता येतं, आणि प्रत्यक्ष हल्ले त्यांना ३२-बिट विंडोज ७ वरच दिसले.

२०१९ मध्ये विंडोज ७ ला पॅच मिळाला, कारण तेव्हा पाठिंबा चालू होता. आज तसंच भोक सापडलं तर ब्राउझरचं बुजवायला कुणी नाही आणि कर्नलचं बुजवायलाही कुणी नाही. अँटिव्हायरस ओळखीच्या फाइली आणि ओळखीच्या हालचाली हेरतो. भोक बुजवणं त्याच्या हातात नसतं. तो स्वतःही त्याच कर्नलवर उभा असतो, त्यामुळे कर्नल ताब्यात गेल्यावर त्यालाच गप्प करणं हल्लेखोराला जड जात नाही.

क्रोम ऑगस्ट २०२३ पासून जवळजवळ दर आठवड्याला सुरक्षा अपडेट देतं. त्यातलं काहीही तुमच्या १०९ ला मिळत नाही. त्याच यंत्रावर, तेवढ्याच रॅमवर लिनक्स टाकलं तर आजचा ब्राउझर आणि आजचा कर्नल दोन्ही मिळतात. मला यात दुसरं कुठलंही कारण लागत नाही.

पेन्शनर_सोलापूर

मी विंडोज ७ आजही वापरतो आणि मला ते मनापासून आवडतं. फायरफॉक्स ११५ चं दीर्घ मुदतीचं संस्करण आहे, मोझिलानं विंडोज ७ साठी त्याचे पॅच बरेच दिवस चालू ठेवले. सुपरमियम म्हणून एक ब्राउझर आहे, तो नवं क्रोमियम, म्हणजे क्रोमचा गाभा, जुन्या विंडोजवर आणतो. मी अनोळखी साइटवर जात नाही, फुकटचं काही डाउनलोड करत नाही. इतक्या वर्षांत एकदाही व्हायरस आलेला नाही. गावातल्या मुलांना उगाच नव्या गोष्टीशी झगडायला लावू नका असं मला कळकळीनं वाटतं.

नेटकरी_ठाणे

काका, तुमची शिस्त चांगलीच आहे, आणि विंडोज ७ वर राहायचंच असेल तर क्रोम १०९ पेक्षा फायरफॉक्स ११५ केव्हाही बरं. मोझिलानं मुदत पुन्हा पुन्हा वाढवली हेही खरं. पण ती मुदतवाढ ब्राउझरची आहे. सह्यभ्रमर यांनी कर्नलचं जे लिहिलंय ते त्यानं सुटत नाही. सुपरमियमचंही तेच. करणाऱ्यांची मेहनत वाखाणण्यासारखी आहे, पण खालचा पाया दुरुस्त करणं त्यांच्या आवाक्यातलं नाही.

"ओळखीच्याच साइटवर जातो" या बद्दल थोडं. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी प्रकारची चित्रं उघडणाऱ्या लायब्ररीत (अनेक प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड) भोक सापडलं, सीव्हीई-२०२३-४८६३. ॲपलच्या सुरक्षा विभागानं आणि टोरांटोच्या सिटिझन लॅबनं ते कळवलं होतं. त्यात काहीही डाउनलोड करायची, कशावरही क्लिक करायची गरज नव्हती. खास घडवलेलं एक चित्र पानावर दिसलं की पुरे. ही लायब्ररी क्रोममध्ये होती, फायरफॉक्समध्ये होती, इतर असंख्य प्रोग्रॅममध्ये होती. चित्र जाहिरातीतूनही येऊ शकतं, आणि जाहिरात तुमच्या नेहमीच्या वर्तमानपत्राच्या साइटवरही असते.

आणि "काही झालेलं नाही" हे कळणार कसं? पूर्वीचे व्हायरस फाइली उडवायचे, पडदा निळा करायचे. आताचे माहितीचोर गुपचूप येतात, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज (साइटनं ठेवलेल्या ओळखीच्या खुणा) उचलतात आणि निघून जातात. लॉगिन केलेली कुकी हाती लागली की त्या साइटवर पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. ल्युमा नावाचा असाच एक माहितीचोर. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अमेरिकेच्या न्याय खात्यानं त्याची यंत्रणा मोडून काढली, तेव्हा त्याआधीच्या दोनच महिन्यांत जगभरात ३,९४,००० पेक्षा जास्त विंडोज संगणकांना त्याची लागण झाल्याचं मायक्रोसॉफ्टनं सांगितलं. त्यातल्या कितीतरी लोकांना "मला काही झालं नाही" असंच वाटत असणार.

तुमच्या एकट्याच्या यंत्राचा निर्णय तुमचा आहे, काका. ताईंच्या यंत्रांवर दुसऱ्यांचे पासवर्ड आहेत. फरक तिथे पडतो.

पेन्शनर_सोलापूर

शेवटचं वाक्य पटलं. माझं मत माझ्या यंत्रापुरतं ठेवतो. एक अनुभव मात्र सांगतो, उपयोगी पडेल. मार्च २०२५ मध्ये शेजाऱ्यांच्या जुन्या फायरफॉक्समधलं जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) अचानक बंद पडलं. काय झालं ते आम्हाला कळेना.

नेटकरी_ठाणे

ते प्रमाणपत्राचं प्रकरण, काका. एक्स्टेंशन खरं आहे का हे तपासायला लागणारं फायरफॉक्सचं एक मूळ प्रमाणपत्र १४ मार्च २०२५ ला संपलं. आवृत्ती १२८ च्या आधीच्या, आणि दीर्घ मुदतीच्या ११५ मालिकेत ११५.१३ च्या आधीच्या फायरफॉक्समध्ये त्या दिवसानंतर एक्स्टेंशन चालणार नाहीत असा इशारा मोझिलानं आधीच दिला होता. अपडेट न करणाऱ्यांची सुरक्षा अशी अचानक गळून पडते. चांगलं उदाहरण दिलंत.

डीटीपीवाला

मी छपाईच्या धंद्यातला माणूस, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ताई, तुमच्या कार्यालयातले वार्षिक अहवाल, वर्गणीदारांच्या याद्या, निमंत्रणपत्रिका कशात केलेल्या आहेत ते आधी बघा. श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या फाँटात केलेल्या असतील तर लिनक्सवर उघडल्यावर अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसेल. त्या फाइलींमध्ये मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. इंग्रजी चिन्हं साठवलेली असतात आणि फाँट त्यांना मराठी रूप देतो. फाँट गेला की मराठी गेलं. श्रीलिपीला तर यूएसबीला लावायचं लॉकही असतं, आणि ते सगळं विंडोजसाठी केलेलं आहे.

माझा सल्ला असा. एक यंत्र विंडोज ७ वरच ठेवा, पण त्याची इंटरनेटची वायर काढून टाका. वायफाय असेल तर तेही बंद. त्यावर जुन्या फाइली उघडा, लागतील तशा युनिकोडमध्ये (यात मराठी अक्षरंच साठवली जातात) बदलून घ्या आणि पेनड्राइव्हनं इकडे आणा. एकदम सगळं बदलायला जाऊ नका. जोडाक्षरं आणि रफार बदलताना बिघडतात, प्रत्येक पान डोळ्याखालून घालावं लागतं. विशेषतः सभासदांची नावं. नावात चूक झालेली कुणालाच आवडत नाही.

नवीन मजकूर मात्र पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच. लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये मराठी छान चालतं, पीडीएफही थेट निघते.

मडगांवकर

टायपिंगबद्दल मी लिहितो, कारण घरी मराठी आणि कोंकणी दोन्ही लिनक्सवरच लिहितो.

इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी येत असेल तर काहीही वेगळं टाकावं लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन लेआउटमध्ये मराठी जोडायचं, झालं. उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांसाठी आयबस हा टायपिंगचा प्रोग्रॅम आणि त्याच्या जोडीला एम१७एन हे पॅकेज टाका. त्यात मराठीसाठी आयट्रान्स, फोनेटिक, रेमिंग्टन असे पर्याय मिळतात आणि चक्क गमभनही मिळतं. आपल्यातले कितीतरी जण मराठी संकेतस्थळांवर गमभननंच लिहायला शिकले. तीच बोटांची सवय लिनक्सवर जशीच्या तशी चालते. मला तर हे बघून फार आनंद झाला होता.

फाँटसाठी नोटो देवनागरी आणि लोहित. दोन्ही मोफत आहेत, दोन्हींत जोडाक्षरं व्यवस्थित दिसतात.

प्रिंटर कुठला आहे?

कृष्णाकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रिंटर एचपी लेझरजेट १०२० आहे, जुना पण दणकट. स्कॅनर एप्सनचा.

अहवाल श्रीलिपीतच आहेत. डीटीपीवाला दादा म्हणतात तसं कार्यालयातलं एक यंत्र वायर काढून तसंच ठेवायचं, हे समितीलाही लगेच पटेल. मुलांच्या पाच यंत्रांना तरी लिनक्स हवंच.

कुठलं लिनक्स? नावं वाचून गोंधळ उडतोय.

मडगांवकर

१०२० चालतो, मात्र त्याची एक खोड आहे. या प्रिंटरच्या पोटात स्वतःचं फर्मवेअर टिकत नाही. दर वेळी चालू केला की संगणकानं ते त्याला पाठवावं लागतं. लिनक्सवर एचपीचंच एचपीलिप हे सॉफ्टवेअर हे काम करतं, पण त्यासाठी एक वेगळा प्लगइन उतरवावा लागतो. तो न टाकता नुसता प्रिंटर जोडला तर यादीत दिसतो, कामं रांगेत जातात आणि कागद बाहेर येत नाही. लोक इथेच वैतागून "लिनक्सवर प्रिंटर चालत नाही" म्हणतात. प्लगइन टाकलात की प्रश्न मिटतो.

सह्यभ्रमर

मिंट घ्या, एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. मिंट २२ मालिका उबुंटू २४.०४ या लिनक्सवर उभी आहे आणि २०२९ पर्यंत तिला सुरक्षा अपडेट मिळणार. किमान २ जीबी रॅम, आरामात चालायला ४ जीबी असं त्यांचंच म्हणणं आहे, म्हणजे तुमच्याकडे आहे तेवढं पुरेल. खाली डावीकडे मेन्यू, पट्टीवर उघड्या खिडक्या, विंडोज ७ वापरलेल्या मुलाला पाच मिनिटांत सापडतं.

दोन-चार हजारांची देणगी मिळवू शकत असाल तर ती रॅमवर नको, एसएसडीवर (फिरत्या चकतीशिवायची वेगवान डिस्क) घाला. जुन्या यंत्रात खरा जीव त्यानं येतो. साधी सॅटाची २.५ इंची चालते.

३२-बिटचा विचारही करू नका. आय-३ तिसरी पिढी ६४-बिट आहे, जरी त्यावर ३२-बिट विंडोज टाकलेलं असलं तरी. लिनक्ससाठी ३२-बिट क्रोम गूगलनं २०१६ मध्येच बंद केलं.

उत्तरसमुद्र

मी जर्मनीत कीलला असतो. श्लेस्विग-होल्स्टाइन हे आमचं राज्य सरकारी कामकाज मायक्रोसॉफ्टवरून मोकळ्या (ओपन सोर्स) सॉफ्टवेअरवर नेतंय. आधी लिबरऑफिस, मग ऑक्टोबर २०२५ मध्ये ४० हजारांवर मेलबॉक्स आउटलुक-एक्सचेंजमधून ओपन-एक्सचेंज आणि थंडरबर्डवर हलवून झाले, लिनक्सचा टप्पा पुढचा. क्रम लक्षात घ्या. लोकांच्या हातातली कामाची साधनं आधी बदलली, खालची सिस्टिम नंतर. म्युनिकनं २००४ च्या सुमारास लिनक्सवर जायला घेतलं आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळायचं ठरवलं, त्याची इथे आजही चर्चा होते.

ताई, तुम्हीही आज विंडोज ७ वरच मुलांना फायरफॉक्स आणि लिबरऑफिस वापरायला लावा. महिन्यानं खालची सिस्टिम बदलली तरी त्यांच्या हाताला फारसं काही वेगळं लागणार नाही.

शाळामास्तर

वरच्याला दुजोरा. केरळच्या सरकारी शाळांमध्ये कित्येक वर्षं मोकळ्या सॉफ्टवेअरवरच संगणक शिकवतात, मुलं सहज शिकतात. अडचण येते ती आम्हा मोठ्यांना.

नेटकरी_ठाणे

आता जे या धाग्यात कुणी लिहिलं नाही ते. सार्वजनिक यंत्रावर लिनक्स टाकून काम संपत नाही. कर्नल नवा, ब्राउझर नवा, आणि सकाळी एका मुलानं लॉगिन करून ठेवलेलं खातं संध्याकाळच्या मुलाला उघडं मिळालं, तर काय मिळवलं?

मिंटमध्ये "लॉगिन विंडो" नावाची सेटिंग आहे. तिच्यात वापरकर्त्यांच्या भागात पाहुण्यांच्या सत्राला परवानगी देता येते. मुलानं पाहुणा म्हणून बसायचं, काम झालं की लॉगआउट. त्याच्या डाउनलोड केलेल्या फाइली, ब्राउझरचा इतिहास, कुकीज सगळं तिथल्या तिथे पुसलं जातं. पुढच्याला कोरं यंत्र. हॉलतिकीट आणि पावती पेनड्राइव्हवर किंवा स्वतःच्या मेलवर पाठवायची, हे मात्र भिंतीवर ठळक लिहून लावा. नाहीतर लॉगआउटनंतर पोरं रडकुंडीला येतील.

दुसरं, फायरफॉक्सला पॉलिसीची, म्हणजे नियमांची फाइल देता येते. ईटीसी फोल्डरात फायरफॉक्स, त्यात पॉलिसीज, आणि त्यात पॉलिसीज डॉट जेसन. तिच्यात लिहून ठेवलं की "पासवर्ड साठवू का" हा प्रश्नच येत नाही, ब्राउझर बंद करताना सगळं साफ होतं, आणि तुम्ही ठरवलेल्या एक्स्टेंशनशिवाय दुसरं काही टाकता येत नाही. एक्स्टेंशन एकच ठेवा, युब्लॉक ओरिजिन. अर्ज भरायच्या साइटच्या नकला आणि "डाउनलोड" लिहिलेली खोटी बटणं जास्त करून जाहिरातींतून येतात. पूर्ण ताकदीचं युब्लॉक क्रोमनं आता बंद केलंय, फायरफॉक्समध्ये ते चालतं. म्हणून सार्वजनिक यंत्रावर मी फायरफॉक्सच ठेवीन.

एक्स्टेंशनबाबत इतका कडक का? ग्रेट सस्पेंडर नावाचं लोकप्रिय एक्स्टेंशन २०२० मध्ये मूळ लेखकानं दुसऱ्याला विकलं. नव्या मालकानं त्यात नको ते घातलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलनं ते काढून टाकलं. तोवर २० लाखांवर लोक ते वापरत होते. चांगलं म्हणून टाकलेलं एक्स्टेंशन आपोआप अपडेट होऊन वाईट होऊ शकतं आणि आपल्याला काही विचारलंही जात नाही.

सह्यभ्रमर

सहमत, शब्दाशब्दाशी. त्यात एक जोड. मिंट जिथून उतरवाल त्या फाइलीची पडताळणी करा, कंटाळा करू नका. २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटचीच साइट फोडून मिंट १७.३ च्या सिनॅमन आवृत्तीचे डाउनलोडचे दुवे एका बनावट फाइलीकडे वळवले होते आणि त्या फाइलीत मागचं दार ठेवलेलं होतं. मिंटच्या लोकांनी दुसऱ्याच दिवशी प्रामाणिकपणे जाहीर केलं. त्यांच्या साइटवर एसएचए-२५६ चा आकडा (फाइलीचा ठसाच म्हणा) दिलेला असतो, आणि त्या आकड्यांच्या फाइलीवर त्यांची डिजिटल सहीही असते. नुसता आकडा जुळवणं अर्धं काम आहे, कारण साइट फोडणारा आकडाही बदलू शकतो. सही तपासलीत की पूर्ण.

आणि लिनक्स म्हणजे कवचकुंडलं नव्हेत, हेही समितीला सांगा. बँकेच्या नकली पानावर कुणी स्वतःच्या हातानं पासवर्ड टाकला तर कुठलीही सिस्टिम त्याला वाचवू शकत नाही. व्हिडिओत बघून टर्मिनलमध्ये (आदेश टाइप करायची खिडकी) आदेश चिकटवायची सवय तर अजिबात लागू देऊ नका. पाहुण्याच्या सत्राला प्रशासकाचा पासवर्ड माहीत नसतो, तो दोनच जबाबदार माणसांकडे ठेवा. कुणाची फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन, हेही भिंतीवर लावा. पैसे अडवायचे तर पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

निशिगंध

वाचता वाचता माझाच प्रश्न उभा राहिला. माझ्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे, त्याच्या शेजारी मिंट ठेवायचंय. काय सांभाळू?

मडगांवकर

@निशिगंध, आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू आहे का बघा. असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, त्याशिवाय पुढे जाऊच नका. मग विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, आणि लिनक्सला ती डिस्क नीट लिहिता येत नाही. ऑगस्ट २०२४ च्या एका विंडोज अपडेटनं सिक्युअर बूट (सुरू होताना सिस्टिमची सही तपासणारी सोय) चालू असलेल्या, विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकलेल्या कित्येक यंत्रांवरचं लिनक्स सुरूच होईनासं केलं होतं. म्हणून मिंटचा पेनड्राइव्ह फॉरमॅट न करता जपून ठेवा. आणि फोटो-कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर, हे सांगायला नकोच.

सेतूवाला

उशिरा आलो. महा-ई-सेवा केंद्र चालवणारे कुणी हे वाचत असतील तर थांबा, आमच्या कामात फरक आहे. अंगठ्याचं बायोमेट्रिक यंत्र, डिजिटल सहीचं टोकन, यांचे ड्रायव्हर आधी कंपनीच्या साइटवर तपासा. बऱ्याच टोकनांना लिनक्सचे ड्रायव्हर आहेत. बायोमेट्रिकचं सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी बनतं. अशा ठिकाणी एक यंत्र पाठिंबा चालू असलेल्या विंडोजवर ठेवावंच लागतं. ताईंच्या अभ्यासिकेत हे नाही, त्यांनी बिनधास्त जावं.

कृष्णाकाठी

मंडळी, बैठक झाली. सह्यभ्रमर यांचा २०१९ चा किस्सा वाचल्यावर आमच्या अध्यक्षांनी स्वतःच विचारलं, "म्हणजे आपल्याकडे पोरं बँकेचं काम करतात ते उघड्यावरच म्हणायचं का?" त्यानंतर फार बोलावं लागलं नाही. एका माजी विद्यार्थ्यानं एसएसडी द्यायचं कबूल केलं.

पाचही यंत्रांवर मिंट बसलं. सही तपासूनच फाइल घेतली. प्रिंटर मडगांवकर दादांनी लिहिल्याप्रमाणेच वागला, प्लगइन टाकल्यावर पहिलं पान आलं. पाहुण्यांचं सत्र सुरू केलंय आणि पेनड्राइव्हची सूचना प्रत्येक पडद्याच्या वर चिकटवली आहे. अकरावीचा अर्ज आणि महाडीबीटी दोन्ही फायरफॉक्समध्ये भरून पाहिले, विनातक्रार झाले. अपडेट मॅनेजरमध्ये स्वयंचलित अपडेट चालू केलेत, आणि टाइमशिफ्टवर सिस्टिमची आठवड्याची प्रत ठेवली आहे, काही बिघडलं तर मागे जाता येईल.

मुलांची एकच तक्रार आली. काहींना गमभन नको, त्यांना मोबाइलसारखं इंग्रजी अक्षरांत लिहून खाली शब्दांचे पर्याय हवेत. तूर्त गूगलच्या इनपुट टूल्सच्या पानावर लिहून इकडे चिकटवा असं सांगितलंय.

एक शंका उरली. पॉलिसीची फाइल मी टाकली, पण ती खरंच लागू झाली की नाही हे कसं ओळखू? पाहुण्याच्या सत्रातही लागू होते का?

नेटकरी_ठाणे

ताई, अभिनंदन! फायरफॉक्सच्या पत्त्याच्या चौकटीत अबाउट, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग पॉलिसीज असं इंग्रजीत टाका. लागू असलेले सगळे नियम तिथे यादीत दिसतात. फाइलीत स्वल्पविराम किंवा कंस चुकला असेल तर त्याच पानावर चुकांचा वेगळा भाग दिसतो. फाइल ईटीसी फोल्डरात असल्यानं ती यंत्रावरच्या प्रत्येक वापरकर्त्याला लागू होते, पाहुण्यालाही. तरी एकदा पाहुणा म्हणून बसून तेच पान उघडून बघा, आणि कुठल्यातरी साइटवर लॉगिन करून पासवर्ड साठवण्याचा प्रश्न येत नाही ना ते पडताळा. पाचही यंत्रांवर करा, एकावर बघून सोडू नका.